दुसरी फेरी

कंपनीचा तंत्रसंचालक स्वतः गाडी घेऊन विमानतळावर आला, तेव्हाच शर्वाणीच्या मनात पाल चुकचुकली. एवढा मोठा माणूस, दिमतीला चार ड्रायव्हर, आणि हा आपला भर उन्हात घाम पुसत दारापाशी उभा. वर हातात थर्मास!

"या वहिनी, या! चहा आणलाय, आलं घालून. इथला तुम्हांला चालायचा नाही," धनंजय प्रधान म्हणाले.

शर्वाणी तावडेनं चहा घेतला, छान झालाय म्हणाली, आणि मनाशी ठरवलं, की या माणसाचं एकही वाक्य तपासल्याशिवाय गिळायचं नाही.

गाव किलुंडा, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बंदर. साल दोन हजार त्रेचाळीस. तीन आठवड्यांपूर्वी ताउसी एअरवेजचं एक विमान सकाळी इथून उडालं, नाक वर करून चढत गेलं, चढतच गेलं, आणि मग एका बाजूला कलंडून घायपाताच्या मळ्यात कोसळलं. शंभरावर माणसं होती. एकही वाचलं नाही. विमानाच्या शेपटीला एक आडवी झडप असते, तिच्यावर नाकाचं वरखाली होणं अवलंबून. त्या झडपेच्या बिजागरीचे बोल्ट आदल्याच संध्याकाळी बदलले होते. त्यांतले काही हवेतच तुटले. असली जागा एकट्या माणसाच्या भरवशावर सोडायची नाही, असा जगभरचा नियम आहे. एकानं बोल्ट आवळायचे, थोड्या वेळानं दुसऱ्यानं पुन्हा पाना लावून तपासायचे, आणि मग दोघांनी सही करायची. आवळणारा होता म्हातारा हमिसी. तो पुढच्या तळावरच्या कामासाठी त्याच विमानात बसला होता, तोही गेला. तपासणारा होता मिहिर तावडे, म्हणजे शर्वाणीचा नवरा.

"मिहिरची काळजी सोडा," गाडी चालवता चालवता प्रधान म्हणाले. "आपला माणूस आहे. आम्ही त्याला वाऱ्यावर सोडणार नाही."

"मग कुणाला सोडणार?" शर्वाणीनं विचारलं.

प्रधान हसले. गाडीचा वेग वाढवला.

आता या बाईला एवढ्या लांबून का बोलावलं, ते सांगायला हवं. लोखंडाचा तुकडा आपल्याला एकसंध दिसतो, पण आतून तो बारीक बारीक कणांचा असतो, आणि त्या कणांत अणू रांगा धरून बसलेले असतात. धातूवर ताण आला की कुठली तरी रांग किंचित घसरते. ताण गेला तरी ती पुरती जागेवर येत नाही. आपला ठसा ठेवून जाते. पुढचा ताण त्याच्यावर आपला ठसा ठेवतो. म्हणजे धातूनं जे जे सोसलं ते सगळं त्याच्या पोटात असतं, फक्त वाचणारं कुणी नव्हतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत शर्वाणी आणि तिच्या सोबत्यांनी ते यंत्र केलं. क्ष-किरणांनी ठसे टिपायचे आणि संगणकानं ते थराथरानं सोडवायचे: कोणता ताण आधी, कोणता नंतर, किती जोराचा, कसा चढला, कसा उतरला. यंत्राचं कागदावरचं नाव भलतंच लांब होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला आत्याबाई म्हणत. कुठल्या लग्नात कोण कुणाला काय बोललं, हे न विचारता सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असते ना, तशी ही.

आत्याबाई बाजारात आली आणि जुन्या गाड्या विकणाऱ्यांची पाचावर धारण बसली. पुलांचे कंत्राटदार अचानक आजारी पडू लागले. घटस्फोटाच्या एका वकिलानं तर पलंगाच्या स्प्रिंगा पिशवीत घालून आणल्या होत्या. शर्वाणीनं त्याला जिन्यावरूनच वाटेला लावलं. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. माणसांना विचारायचं सोडून लोक वस्तूंना विचारायला लागले होते. नवरा उशिरा आला तर बायको त्याच्या तोंडाकडे न बघता गाडीच्या चाकाकडे बघायची.

या आत्याबाईला एकच गोष्ट चालत नसे, ती म्हणजे आग. धातू तापून लाल झाला की घसरलेल्या रांगा पुन्हा सरळ होतात आणि सगळं पुसलं जातं. विमान जळालं होतं, बोल्टही जळाले होते. शर्वाणीनं हे फोनवर प्रधानांना स्वच्छ सांगितलं होतं. "तरी या," ते म्हणाले होते. "तुम्ही वाचायचा प्रयत्न केलात, एवढं तरी होईल."

जळका बोल्ट वाचायला सहीवाल्याच्याच बायकोला बोलवायचं? कुठं तरी पाणी मुरत होतं.

मिहिर कंपनीनं दिलेल्या घरात होता. कामावरून दूर केलेला. वाळला होता. तिला बघून त्यानं नुसता दरवाजा धरून ठेवला. दोघं सहा वर्षं अशीच राहत होती, ती पुण्यात आणि तो किलुंडात, वर्षातून दोनदा भेट. भांडायला वेळ मिळत नाही म्हणून आपलं छान चाललंय, असं मिहिर थट्टेनं म्हणायचा. आज थट्टा नव्हती.

जेवताना तिनं विचारलं, "त्या संध्याकाळी नेमकं काय झालं?"

"हमिसीनं आवळले, मी तपासले," मिहिर म्हणाला.

हेच तो फोनवर म्हणाला होता. पोलिसांनाही हेच सांगितलं होतं. शब्दाचीही हलवाहलव नाही. खरी आठवण माणूस दरवेळी थोडी वेगळी सांगतो. एकदा पाऊस आठवतो, एकदा कुणाची तरी हाक. हा मात्र पाठ म्हणून दाखवत होता. आपण या माणसाच्या ताटात भात वाढतोय आणि त्याच वेळी त्याची उलटतपासणी घेतोय, हे तिला फार लागलं. तरी तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच वाक्य आलं.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये तिनं बोल्ट वाचले. अपेक्षेप्रमाणे आत काही नव्हतं, कोऱ्या पाटीसारखे. तुटलेल्या जागा तेवढ्या लांबट दिसत होत्या, म्हणजे बोल्ट आधी ताणले जाऊन मग तुटले होते. प्रधान जवळच उभे होते. त्यांना मुळीच वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"म्हणजे यंत्राला काही सांगता येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि बोल्ट ताणलेले आहेत. नवे कोरे बोल्ट ताणले कशानं जातील? फाजील जोर लावून आवळले तर. हमिसीचं वय झालं होतं, वहिनी. दिसायचं कमी झालं होतं. पान्यावरचा आकडा चुकला असणार." त्यांनी आवाज उतरवला. "दुसऱ्या तपासणीत आधीच जास्त आवळलेला बोल्ट कळत नाही, ठरलेला जोर आहे असं समजून पाना लगेच खटका देतो. त्यामुळे मिहिरवर काही येत नाही. तुम्ही एवढंच म्हणायचं, की यंत्राला काही सापडलं नाही."

किती नीट बसवलं होतं सगळं! मेलेला माणूस बोलत नाही आणि जिवंत माणसाची बायको बोलणार नाही. शर्वाणीनं छपराकडे पाहिलं. डोक्यावरून ताउसीचंच एक विमान आवाज करत गेलं. त्याच्या शेपटीतही त्याच खोक्यातले बोल्ट होते, हे तिला हँगरमधल्या एका पोरानं सकाळीच सांगितलं होतं.

"बोल्ट कुठून घेतले होते?" तिनं विचारलं.

"पुरवठादाराकडून," प्रधान म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

संध्याकाळी ती हमिसीच्या घरी गेली. जुन्या बंदरामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. भिंतीवर कुणी तरी कोळशानं काहीतरी खरडलं होतं आणि कुणी तरी ते पुसायचा प्रयत्न केला होता. हमिसीच्या बायकोला सगळे मामा रेहेमा म्हणजे रेहेमाची आई म्हणत, थोरल्या मुलीच्या नावावरून, तिकडची तीच रीत. तिनं शर्वाणीला बसायला चटई दिली, पुढ्यात नारळाच्या दुधातली चवळी ठेवली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागली.

"बाजारात मला कुणी भाजी देत नाही, बिंती, पोरी. म्हणतात, तुझ्या म्हाताऱ्यानं आमची माणसं मारली. ते सोड. मला एक सांग, तुझा नवरा का नाही आला? सगळं हँगर येऊन गेलं. तो सहा वर्षं माझ्या हातचं जेवला. हमिसी त्याला मुलगा म्हणायचा. तो एकटा नाही आला."

शर्वाणीला मान वर करता येईना. "हमिसींना कमी दिसायचं का?" तिनं कसंबसं विचारलं.

"सुईत दोरा मला तोच ओवून द्यायचा," मामा रेहेमा ताडकन म्हणाली. "आकडा चुकला म्हणतात! तो पाना तरी त्याचा होता का? त्याचा दुरुस्तीला गेला होता. तुझ्या नवऱ्याचाच वापरायचा. पोलिसांनी मात्र हमिसीची पेटी नेली."

शर्वाणीचा हात ताटलीतच राहिला. मिहिरचा पाना! मोजून आवळायच्या पान्यात एक जाड स्प्रिंग असते. ठरलेला जोर आला की ती खटका देते. म्हणजे त्या संध्याकाळचा प्रत्येक ओढा त्या स्प्रिंगेनं सोसला होता. आणि ती जळाली नव्हती. दुर्घटनेनंतर हँगरला टाळं लागलं, मिहिरला घरी बसवलं. तेव्हा त्या पान्यानं पुढे काही आवळलेलंही नव्हतं. ती संध्याकाळ अगदी वरच्या थरात असणार.

मिहिरची हत्यारांची पिशवी घरात होती. कपाटावर, भिंतीला लावून, वर दोन उशा. हत्यारांवर कुणी उशा ठेवतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी मिहिर समुद्रावर फिरायला गेला. शर्वाणी खुर्चीवर चढली. हे करू नये असं तिला वाटत होतं आणि केल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्या वकिलाला मोठ्या तोऱ्यात घालवून दिलं होतं. आता स्वतः नवऱ्याच्या गैरहजेरीत त्याची पिशवी उचकत होती. तिनं स्प्रिंग काढली, जेवणाच्या टेबलावर आत्याबाई मांडली आणि बसून राहिली.

आत्याबाईनं सांगितलं ते असं. शेवटच्या खेपेला पाना बोल्टांवर एकदा फिरला होता. जोर अगदी हवा तेवढाच. रेसभरही जास्त नाही. हमिसीचा हात बावनकशी होता. पण ताण चढला होता तो विचित्र. नवा बोल्ट आवळताना ताण सरळ चढत जातो. इथं तो चढता चढता रेंगाळत होता, प्रत्येक बोल्टाच्या वेळी. आवळताना बोल्ट आतून लांबत होते. असं फक्त थकलेला बोल्ट करतो, आधी कुठल्या तरी विमानात आयुष्य काढून आलेला. हाताला हे कळत नाही. माणूस खटका ऐकतो आणि पुढच्या बोल्टाकडे वळतो.

म्हणजे हमिसी निर्दोष होता. जुने बोल्ट मुलामा देऊन नवे म्हणून खपवले होते. शर्वाणीनं सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्धाच राहिला. कारण पाना बोल्टांवर एकदाच फिरला होता. दुसरी फेरी नव्हतीच. तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. नव्हती.

मिहिर आला तेव्हा स्प्रिंग टेबलावरच होती. त्यानं पाहिलं आणि चप्पल न काढता उभा राहिला.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं! किती वेळा विचारलं, मिहिर! आणि दरवेळी तू मला तेच एक वाक्य दिलंस." तिचा आवाज चढला. "तू तपासलेच नाहीस. सही केलीस आणि मोकळा झालास. आळस आला होता? घाई होती?"

"आळस?" तो एकदम तडकला. "हमिसी तिथंच उभा होता, शर्वाणी. हात पुसत. ज्यानं मला पाना धरायला शिकवलं, त्याच्या डोळ्यांदेखत मी त्याच्या हातावरून पाना फिरवू? इकडे वडीलधाऱ्याला म्झे म्हणतात. म्झेचं काम पोरानं पुन्हा करून बघायचं म्हणजे तोंडावर सांगायचं, की तुमचा भरवसा नाही. आमच्या हँगरमध्ये कुणीच नाही करत. सगळे पाना हातात घेतात, मान डोलवतात आणि सही करतात. तू तरी आपल्या सरांची गणितं तपासतेस का?"

"तपासते," शर्वाणी म्हणाली. "ते रागावतात. तरी तपासते."

तो खाली बसला. आता चप्पल काढली. मग म्हणाला, "म्हाताऱ्याच्या हातून जास्त आवळला गेला. तो गेला, मी राहिलो. मी आता तपासलं नाही म्हणून सांगितलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, म्हाताऱ्याची चूक होती म्हणूनच हा अंग काढतोय. तो माझा बाप होता इथला. त्याच्या बायकोसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?"

"त्याच्या हातून काही झालं नाही," शर्वाणीनं सांगितलं. "जोर अगदी बरोबर होता. बोल्टच कुचके होते."

मिहिरच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. खरोखरचा आनंद, लहान मुलासारखा. आणि मग हळूहळू तो विमानांचा इंजिनीअर झाला आणि त्याला पुढचं समजलं. थकलेला बोल्ट आवळल्यानंतर पुन्हा सैल पडतो. थोड्या वेळानं त्यावर पाना लावला तर खटका लगेच वाजत नाही, नट आधी फिरतो. दुसरी फेरी असते ती एवढ्यासाठीच. पाना लावला असता तर नट फिरला असता, बोल्ट काढले असते, विमान सकाळी उडालं नसतं.

तो हुंदके देऊन रडायला लागला. शर्वाणी त्याच्याजवळ गेली नाही. तिला जायचं होतं. तिला त्याचा राग येत होता, आणि त्याच्याइतकं दुसरं कुणी तिला प्रिय नव्हतं, आणि दोन्ही एकदम सहन होत नव्हतं.

"गॅसवर धरली असतीस ही स्प्रिंग तर सगळं पुसलं गेलं असतं," शेवटी ती म्हणाली. "तुला माहीत होतं."

"दोनदा धरायला गेलो," मिहिर म्हणाला. "नाही धरवली."

उद्या चौकशी आयोगापुढे तिची साक्ष होती. बोलली नाही तर मिहिर सुटणार, दोष हमिसीच्या माथी राहणार, आणि ताउसीची बाकीची विमानं त्याच बोल्टांवर उडत राहणार. बोलली तर खोट्या सहीसाठी मिहिर तुरुंगात जाणार. अर्धं सांगायची सोय नव्हती. स्प्रिंग पुढं केली की सगळंच बाहेर येणार होतं. तिनं त्याला हे बोलून दाखवलं.

"तू नको नेऊस," मिहिर म्हणाला. "पाना मी नेतो. तू फक्त वाच."

आयोगाच्या दालनात माणूस मावत नव्हता. पुढच्या बाकांवर गेलेल्यांचे नातेवाईक, अगदी मागं भिंतीला टेकून मामा रेहेमा, एकटीच. तिच्या शेजारची जागा कुणी घेतली नव्हती. प्रधानांनी दारातच मिहिरच्या हातातला पाना पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, एक मिनिट. तुमच्याच संसाराचा प्रश्न आहे, विचार करा. आधी तुमचाच नवरा आत जाईल."

"माहीत आहे," शर्वाणी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून आभार. पहिल्यांदाच खरं बोललात."

तिनं सगळं सांगितलं. यंत्र कसं वाचतं, स्प्रिंगेत काय आहे, काय नाही. प्रत्येक बोल्टाच्या वेळी ताण कसा रेंगाळला ते पडद्यावर दाखवलं. दुसरी फेरी नाही, हे सांगितलं; पाणी प्यायली आणि पुन्हा सांगितलं. कंपनीचा वकील उसळून उठला. ही सहीवाल्याची बायको, हिच्या शब्दाला किंमत काय, त्यानं विचारलं. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"नवऱ्याला वाचवणारी साक्ष असती, तर मी तुमच्याइतकाच संशय घेतला असता," त्या म्हणाल्या. "ही बाई त्याला तुरुंगात पाठवतेय. बसा."

ज्या गोष्टीसाठी प्रधानांनी तिला निवडलं होतं, तीच त्यांच्यावर उलटली. त्याच दिवशी ताउसीची विमानं जमिनीवर आणली गेली. दुसऱ्या एका विमानाच्या शेपटीतून बोल्ट काढून तिथंच सगळ्यांदेखत वाचले. ते जळालेले नव्हते. वरच्या चकचकीत मुलाम्याखाली किती तरी वर्षांची उड्डाणं होती, कुठल्या कुठल्या भंगारात काढलेल्या विमानांची. खरेदीवर सही कुणाची, हे शोधायला फार वेळ लागला नाही. प्रधान म्हणत राहिले, की आपण फक्त स्वस्त मिळाले म्हणून घेतले, कुठून आले ते विचारलं नाही. तेही कदाचित खरं असेल.

मिहिरला दोन पोलिस पायऱ्यांवरून खाली आणत होते. शर्वाणी बाजूनं चालत होती. त्याच्या हाताला हात लावावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. गेलेल्यांचे नातेवाईक दोन्ही बाजूंना उभे होते. एका बाईनं मामा रेहेमाला वाट करून दिली. तिला कुणी वाट करून देण्याची तीन आठवड्यांतली ती पहिली वेळ असावी.

ती मिहिरसमोर येऊन उभी राहिली. मिहिरनं मान खाली घातली.

"माझ्या नवऱ्यावर तुझा इतका विश्वास होता?" तिनं विचारलं.

मिहिरनं होकारार्थी मान हलवली.

मामा रेहेमानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, लहान मुलाचा धरतात तसा.

"थोडा संशय घ्यायचास रे," ती म्हणाली. "तो रागावला असता. दोन दिवस तुझ्याशी बोलला नसता. पण घरी आला असता."